गौराबाईचं नाक

आमच्या नाटक कंपनीत गौराबाई कपडेपट सांभाळायची. रंग उतरवायच्या खोबरेलाची बाटली कुणी उघडली, की विंगेपलीकडून ओरडायची, "खवट हाय ते, तोंडाला लावू नका!" राजाच्या वेशातला मी निमूट बाटली खाली ठेवायचो. पुढं कंपनी बुडाली. मी सरकारच्या म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनावर आलो आणि तिचं ते नाक उचगावच्या पुढं एका कारखान्यात कामाला लागलं.

तिथं कुत्र्यांचं खाणं बनतं. मक्याचं पीठ, तांदळाची कणी, कोंबडीची भुकटी शिजवून यंत्रातून दाणे पाडतात, वाळवतात, वरून चरबीचा फवारा मारतात. प्रत्येक घाण्यातले मूठभर दाणे गौराबाई तळहातावर चोळून हुंगायची. तिनं मान हलवली की माल पुढं. अकरा वर्षं हेच.

गेल्या बेंदराला, बैलांच्या सणादिवशी, तिनं मान हलवली नाही. "चरबी जुनी हाय, सायब. ह्यो माल सोडू नका."

तपासणीचा साहेब विश्वजित, वय सत्तावीस. "मावशी, मशीन पास म्हणतंय. तुमचं नाक मशीनपेक्षा मोठं का?"

"मोठं न्हाय, पर खोटं न्हाय. कुत्र्यांस्नीच इचारा की!"

कारखान्यात चाचणीसाठी सहा कुत्री होती. त्यांना सकाळपासून उपाशी ठेवून दुपारी दोन वाडगी मांडायची, एकात आधीचा माल, एकात नवा. कशात किती उरतं ते वजन करून बघायचं. त्या दुपारी सहाही कुत्र्यांनी नवं वाडगं हुंगलं आणि पाठ फिरवली. गौराबाई जिंकली होती.

विश्वजित वजन बघून थबकला. "आधीचा मालही एवढासाच खाल्ला? आकाराम, कुत्री उपाशी होती ना?"

कुत्री सांभाळणारा आकाराम गौराबाईकडं बघायला लागला. बेंदराला आधी जनावराच्या तोंडी घास, मग माणसाच्या. गौराबाईच्या दारात बैल कधीच नव्हता. सकाळी डब्यातल्या पोळ्या तिनंच आत नेल्या होत्या. आकारामानं फक्त दार उघडलं होतं.

मी जन्मभर रंगमंचावर खोटं बोलून टाळ्या घेतल्या. तिला एक खोटं वाक्य जमलं नाही.

"मी घातली पुरणपोळी. त्येचा दोष न्हाय."

"झालं! भरल्या पोटाची चाचणी बाद."

"मग उद्या परत लावा की."

"ट्रक दारात उभा आहे, मावशी. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

माल गेला. दीड महिन्यानं दुकानांतून पोती परत यायला लागली. ते खाऊन लोकांची कुत्री ओकत होती. कारखान्यानं दुकानदारांच्या ओल्या गोदामांवर खापर फोडलं आणि विश्वजितला बढती दिली.

हे सांगायला आकाराम तिच्या घरी आला, तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. माझं डोकं तापलं. "गौरा, चल! त्यांच्या दारात उभं राहून ओरडू. आवाज अजून शाबूत आहे माझा!"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"आकाराम, मेलं न्हाय न्हवं कुठलं कुत्रं?"

आकाराम तिची नजर चुकवून उठला आणि पायांत चपला घालायला लागला.