चाळिसावं नाव

हरिहर पिंजरकर सरांचं इंग्रजी म्हणजे त्या काळी अकोल्यात मिरवायची गोष्ट होती. इंग्रजी पेपरात 'टोळांनी ज्वारी डेसिमेट केली' असं काही छापून आलं की सर हातातला घास खाली ठेवून संपादकाला पत्र लिहायला बसत. डेसिमेट म्हणजे सरसकट नासधूस नव्हे हो. मूळ अर्थ, दहांतला एक मारणे! लॅटिनातला 'डेसेम' आणि आपला 'दश' एकाच घराण्यातले. संपादकानं ते पत्र कधी छापलं नाही. बायको सिंधूताई ताटावर झाकण घालून म्हणायच्या, "शब्द काही पळून जात नाही, आधी जेवून घ्या." पण शब्द सापडला की सरांना दुसरं काही दिसत नसे, माणूससुद्धा नाही. गावाला त्याचं कौतुक होतं. मला नाही, आणि का नाही ते सांगतो.

सत्तावन्न सालचा डिसेंबर. खुशालराव पाटलांच्या शेतात हुरडा भाजायला आला होता आणि त्यांच्या मुलानं मॅट्रिकच्या सगळ्या वर्गाला बोलावलं होतं. सगळ्या, म्हणजे धर्मपाल सोडून. आदल्याच वर्षी घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षा घेऊन त्यानं हे नाव स्वतः निवडलं होतं. त्याला का बोलावलं नाही, हे वर्गाला ठाऊक होतं, सरांनाही ठाऊक होतं, आणि कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही.

सारा वर्ग शाळा बुडवून शेतात गेला आणि नेमके त्याच दुपारी इन्स्पेक्टर न कळवता आले. चाळीस मुलांच्या वर्गात एकटा धर्मपाल. त्यानं उभं राहून धडा असा खणखणीत वाचला की इन्स्पेक्टरांनी मान डोलावली, पण जाताना ते हेडमास्तरांच्या देखत हसून म्हणाले, "पिंजरकर, तुमचा वर्ग एका बाकावर मावतो की!" सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तो 'डेसिमेट' शब्द लिहिला आणि त्याची गोष्ट सांगितली. रोमन पलटण लढाईतून पळाली की दहा-दहांचे गट पाडायचे, प्रत्येक गटात चिठ्ठी टाकायची. ज्याच्या नावाची निघेल त्याला उरलेल्या नऊ जणांनीच सोटे घालून मारायचं. "तुम्हीही पळालात," सर म्हणाले. "सोट्याऐवजी छडी. नऊ जण, नऊ छड्या."

मग ते नावं लिहायला बसले आणि अडले. पळालेले एकोणचाळीस. चौथ्या गटात नऊच नावं भरत होती. नऊच्या गटात डेसिमेट कसं व्हायचं? अर्थच बिघडतो! इथे एखादा साधा, कमी शिकलेला मास्तर हसून पुढे गेला असता. सरांनी क्षणभर विचार केला आणि चाळिसावी चिठ्ठी लिहिली, धर्मपालच्या नावाची. गट पुरा झाला.

चौथ्या गटाची चिठ्ठी उघडली, ती त्याचीच निघाली.

"सर, मी तर वर्गात होतो," धर्मपाल उठून म्हणाला.

"चिठ्ठी दोष पाहत नसते," सर म्हणाले. "तोच तर या शब्दाचा खरा अर्थ." हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता. होय, उजळला होता. पुढे स्वतःचा तो चेहरा आठवला की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धर्मपालनं हात पुढे केला. नऊ पोरं एकामागून एक उठली आणि सरांनी मोठ्यानं मोजलं.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट सिंधूताईंना मोठ्या हौसेनं सांगितली. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पण तो हजर होता ना?"

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची माफी मागावी असं सरांच्या मनात आलं, पण मास्तरानं पोरापुढं वाकायचं म्हणजे शिस्तीचं काय? आज नाही उद्या करता करता परीक्षा आली. धर्मपाल इंग्रजीत शाळेत पहिला आला आणि सरांच्या पाया न पडता निघून गेला. तेव्हापासून पेपरात तो शब्द दिसला की सर पान उलटत. पत्रं बंद झाली. एकदा तरी त्याच्यासमोर 'माझं चुकलं' म्हणता यावं, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती, आणि तेवढीच जमत नव्हती.

सहासष्ट साली निवृत्त झाले तेव्हा कळलं की धर्मपाल तिवशाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. सर एस्टीनं निघाले. अमरावतीला गाडी बदलली. वाटेत वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

"या सर, बसा," धर्मपालनं खुर्ची पुढे केली. चहा आला. सरांनी कप बाजूला सरकवला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "धर्मपाल, माझं चुकलं. तुझं नाव मी घालायला नको होतं."

"त्याचा राग होता मले, लय वर्सं होता," धर्मपाल म्हणाला. "आता कमी झाला. पण सर, तुमाले श्रावण आठवते काय?"

"कोण श्रावण?"

"त्या नवांतला शेवटचा. त्यानं छडी नुसती हातावर टेकवली होती. तुमी म्हणलं, ही मोजणीत धरत नाही, पुन्हा मार, नीट मार. मंग त्यानं मारली. रडून राहिला होता." धर्मपाल खाली पाहत होता. "साऱ्या वर्गात माह्यासंगं बोलणारा तो एकटाच होता, सर. त्या दिवसापासून तोही बोलला नाही. मी बोलावं म्हणलं, तर लाजंनं मान खाली घालून निंगून जाये. आता हिवरखेडले शेती करते. माह्यापाशी तुमी म्हणलं, ते झालं. त्याले तुमी काय सांगान?"

सरांनी डोळे मिटून नऊ पोरांची रांग आठवून पाहिली. छडी आठवली, आकडे आठवले, 'नऊ' हा आकडा आपण दोनदा म्हटला होता तेही आठवलं. श्रावणचा चेहरा मात्र काही केल्या आठवला नाही.