डावीकडचे दोन व्हॉल्व्ह

सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये मी चार नवे व्हॉल्व्ह बसवले, त्यांतल्या दोहोंचाच बायस लावला आणि चारही लावले म्हणून सांगितलं. बायकोला नाही, भावाला नाही — हे मी आजवर कोणापाशीच बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट माहीत नाही.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. केंद्र सरकारच्या तिथल्या नव्या कचेरीत माझी नागपूरहून बदली झाली, आणि घरभाडी अशी चढली की चौबे कॉलनीत सासऱ्यांच्याच घरी मुक्काम पडला. घरजावई म्हणा, मला त्याचं काही नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. बोलायला कमी, ऐकायला पक्के. ब्राह्मणपाऱ्यात आपल्या मराठी लोकांचं भजनी मंडळ होतं, तिथे दर गुरुवारी तंबोरा तेच लावायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. घरी त्यांचा जीव त्या जुन्या ॲम्प्लिफायरवर. त्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, थकले तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, बाहेर कशाला देता, कॉलेजात रेडिओ जोडलाय मी. जोडला होता. वाजला नव्हता, तेवढं सांगायचं राहिलं.

नवे व्हॉल्व्ह नुसते खोचून भागत नाही. प्रत्येकातून किती करंट जावा ते मोजून ठरवावं लागतं — हेच ते बायस लावणं. तेही यंत्र चालू ठेवून, झाकण काढून, चारशे व्होल्टच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर फिरवत. दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. मी ठेवला. उजवीकडचे दोन जमले. डावीकडे वळलो आणि — तो हात खिशातून कधी निघाला? पत्र्यावर कधी टेकला? शुद्ध होती, पण मी भिंतीशी बसलेला होतो आणि माझे दात वाजत होते.

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "झालं का हो, जवाईबापू?"

"झालं," म्हणालो. आणि झाकण लावून टाकलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीच हा किस्सा हसत-हसत चारचौघांत सांगितला असता. भित्रा माणूस विनोदी असतो, नाही का?

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, डाव्या स्पीकरातून रेकॉर्डवरचा तंबोरा चरचरून राहिला. मोठा आवाज ठीक होता, बारीक सूर तेवढे फाटत होते. घरात दुसऱ्या कोणाला कळेना. मला कळत होतं. करंट कमी पडला की व्हॉल्व्ह बारीक सूरच आधी चावतो. बाबा स्पीकरसमोर मान कलती करायचे आणि मी पेपरात डोकं घालायचो. तिसऱ्यांदा तेच म्हणाले. आता खरं बोलायचं म्हणजे — पुन्हा ते झाकण, पुन्हा ते चारशे व्होल्ट, आणि सगळ्या घरासमोर.

मी हसलो. अगदी लाडात म्हणालो, बाबा, ॲम्प्लिफायर ठीक आहे. वय झालं की डावा कान आधी जातो.

असं काही नसतं. मी ते उभ्याउभ्या रचलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या गुरुवारी तंबोरा मांडीवर घेतला, खुंटी पिळली, कान लावला — आणि थांबले. शेजारच्याकडे सरकवत म्हणाले, "तुम्हीच लावा. माझा कान आता खोटं बोलून राहिला." मी समोर टाळ धरून बसलो होतो. आणि मला भीती कशाची वाटली? कोणी विचारेल, तुम्हाले हे सांगितलं कोणी — त्याची.

महिन्याभरात त्यांनी मंडळात जाणं सोडलं. बायको म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, म्हातारपणाला डॉक्टर काय करणार. तपासणीत कान चांगले निघाले असते ना! आजही ते फोन उजव्याच कानाला लावतात.

एकदा मात्र ते तेलीबांध्याला कोणाकडे गेले असताना मी झाकण काढलं. दहा मिनिटांचं काम. गुपचूप करून टाकायचं, तंबोरा पुन्हा गोड वाजला असता, आणि माझं नावही आलं नसतं. व्हॉल्व्ह लाल पेटलेले. चावऱ्या कुत्र्याला बिस्किट द्यावं तसा मी अंग मागे, हात पुढे करून उभा — पाच मिनिटं? वीस? स्क्रूड्रायव्हर स्क्रूपर्यंत गेलाच नाही. भाजीची पिशवी घेऊन बायको दारात कधीची उभी होती, कोण जाणे.

"तुमच्याच्यानं नाही होत ते," ती म्हणाली. "लावा झाकण. बाबाले तसंही आता त्या कानानं काय समजते."