चौघांची चादर

चनमल्लप्पांच्या चादरीच्या कारखान्यात सिद्धम्माचं काम काय, हे एका दमात सांगून व्हायचं. मागावरून उतरलेल्या चादरीचे सुटे दोरे कापायचे, घडी घालायची, कोपऱ्यात लेबल शिवायचं. बारा वर्षं एवढंच. चादर कुणी घेतली, कुणी नाकारली, हे तिला कुणी सांगत नव्हतं आणि तिनं विचारणं अपेक्षितही नव्हतं. पण बाई मुळातली चौकस. बाजारातून परत आलेला गठ्ठा सोडायला बाकीच्या बाया नाक मुरडायच्या, ही मात्र एकेक चादर उलटीपालटी करून बघत बसायची. कुठं बोटं लागलीत, घडी किती वेळा मोडलीय. मालकानं पाहिलं असतं तर कामचुकारच म्हटलं असतं.

तिचा खोकला मात्र सगळ्यांना ऐकू यायचा. शेडमध्ये सुताचं तूस उडायचं, नाकातोंडात जायचं. बाराव्या वर्षी थुंकीत रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाला, "बाई, ते काम सोडा." सोडून दोन पोरींना खायला काय घालायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. मालक तेव्हा सात रस्त्यावर नवं दुकान काढत होता. तिथं तूस नव्हतं, गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं. त्या दुकानात सिद्धम्माचा जीव अडकला.

बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही. एका वसतिगृहानं खाटांच्या मापाच्या अरुंद चादरी सांगितल्या होत्या, त्यांनी दुष्काळ बघून हात वर केले. सातशे चादरी गळ्यात पडल्या. मालकानं स्वस्तात काढायला सांगोल्याच्या दुकानदाराकडं धाडल्या, त्यानं महिन्यात परत पाठवल्या. मालकानं रंगाला शिव्या घातल्या. सिद्धम्मानं गठ्ठा सोडला तर नक्षीवर बोटाचा डाग नव्हता. मळ सगळा दोन्ही काठांना होता. म्हणजे लोकांनी रुंदी मापली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी खाडा करून ती एस.टी.नं सांगोल्याला गेली. चादरीच्या दुकानासमोर मायाक्का नावाची एक धनगर बाई आपली चार पोरं ओळीनं फळीवर निजवून वर चादर ओढत होती. दुकानदार खवळला.

"उठीव ती पोरं! दुकान हाय का धर्मशाळा?"

"मापून बगतीया न्हवं? खडी फोडायच्या कामावर जातुया. माळावर निजायचं, थंडी लई. तिघं बसत्यात, चौथं भायेर ऱ्हातंय की."

मायाक्का चादर न घेताच गेली. तिच्या मागोमाग आलेल्या बाईनंही वितीनं रुंदी मापून चादर टाकून दिली. सिद्धम्मा उन्हात उभी राहून दुपारपर्यंत तेच बघत होती.

परत आल्यावर तिनं दोन अरुंद चादरी घेतल्या. एकीचा काठ दुसरीच्या काठावर बसवला, चादरीचाच दोरा उसवून त्यानंच टाका घातला. टाका डोळ्याला दिसेना, मधे निजणाऱ्याला टोचेना. ती मालकापुढं गेली.

"अण्णा, ही चौघांची चादर. नाव हेच ठेवा. लेबल घडीच्या वरच्या अंगाला लावते, वाचता येत न्हाय त्यांच्यासाठी चार माणसांचं चित्र काढून घ्या त्याच्यावर. दुकानात नका ठेवू. खडीच्या कामावर पगाराच्या दिवशी गाडी न्या, चादर जमिनीवर अंथरा आन पोरं निजवू द्या. कुनी हाकलायचं न्हाय. दीड चादरीच्या भावात द्या."

चनमल्लप्पा चादर उलटीपालटी करून टाका शोधत बसले. घडी घालणारी बाई आपल्याला धंदा शिकवतेय, हे पचायला वेळ लागणारच.

"सगळा माल खपला तर काय देऊ?"

"सात रस्त्याच्या दुकानात बसवा."

"बसवतो की."

आता इथं सिद्धम्मा चुकली, आणि तिच्यावर रागवावं की तिची कीव करावी, मला आजही कळत नाही. शेजारी बसणारी ईरम्मा म्हणाली, "अक्का, मलाबी टाका दाव. दोघी मिळून जोडू." सिद्धम्मानं चादर मांडीखाली सरकवली. मालकाचं आपल्यावाचून अडलं पाहिजे, मगच तो शब्द पाळेल, असं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून टाके घालायची. मालकालाही तिनं बजावलं, "हे दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय." तूस अंगावर घेत, खोकत, तिनं एकटीनं साडेतीनशे चादरी जोडल्या.

गाडी तिनं सांगितलं तशीच फिरली. माळावर चादरी अंथरल्या, लोकांनी पोरं निजवली, हसत उठवली आणि चादरी घेतल्या. दोन महिन्यांत एकही राहिली नाही. चौघांच्या रुंदीचा माग नव्हता, म्हणून मालकानं मागांवर मुद्दाम जोडायसाठी अरुंद चादरी घातल्या.

सिद्धम्मा धुतलं लुगडं नेसून ऑफिसात गेली. मालकाचा पुतण्या मल्लिकार्जुन तिथंच बसला होता, दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात होत्या.

"शब्द दिला होता, अण्णा."

"दिला होता, न्हाय कोण म्हणतंय?" चनमल्लप्पा गोडच बोलले. "पण दुकानात कुणीबी बसंल गं. तू सांगितलंस तेच ह्यो गिऱ्हाइकाला सांगतोय. टाका कोण घालणार? दुसऱ्या कुणाला जमत न्हाय, तूच म्हणालीस की."

सिद्धम्मा ऑफिसातून वळली. ती शेडमध्ये आली आणि थेट ईरम्माच्या पुढ्यात चादर टाकून बसली.

"ये. टाका दावते."

ईरम्मानं घडीवरचा हात थांबवला नाही.

"नको, अक्का."

"मी मरंन गं हितं."

"ठाऊक हाय मला. पण घडीवालीला कवाबी दुसरीकडं जाता येतंय. टाकेवालीला मालक सोडत न्हाय, बगितलं न्हवं? तवा शिकवलं असतंस तर शिकले असते. आता तू सुटशील आन मी अडकीन. माजीबी पोरं ल्हान हायत."

ती रागानं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. तिच्या जागी आपण असतो तर हेच बोललो असतो, हे सिद्धम्माला कळलं. मागावरून उतरलेला नवा ढीग हमालानं तिच्याजवळ आणून टाकला. सिद्धम्मा तोंडाला पदर बांधून त्याच्यापुढं बसली, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं तिला सुईचं नेढं दिसेना.