दौऱ्याच्या दिवसाचं पाणी

काल सकाळी दादा पुलाच्या कठड्याला हात टेकून खाली बघत उभा होता. नदीवर पांढरा फेस तरंगत होता आणि वास असा, की मी नाकाला रुमाल लावला. दादाने लावला नाही. पर्यावरण खात्यात अगदी वरच्या खुर्चीपर्यंत पोचलेला माझा हा भाऊ, निवृत्तीनंतर इथे पहिल्यांदाच आला होता. माझ्या स्कूटरवर मागे बसून.

"मी पाहिलेली नदी ही नव्हेच," तो म्हणाला.

नव्हतीच. साहेबांचा दौरा आधीच सगळ्यांना कळायचा. मग वरच्या अंगाचे कारखाने दोन दिवस आपलं पाणी अडवून धरायचे, आणि पाहुण्यांसमोर पोरीला तोंड धुऊन उभं करावं तशी नदी त्याच्यापुढे यायची. बाटलीत भरलेला नमुना निर्मळच निघायचा.

कालपासून मला चैन नाही. गावी आईकडे जायचं तर मीही आधी फोन करतो. दारात ती नीटनेटकी, हसत उभी असते. एरवी कशी असते? दादाला हसण्याचा मला काय अधिकार?

काल आम्ही पुलावरून निघणार, तेवढ्यात ओल्या धुण्याचं गाठोडं घेऊन एक बाई घाट चढून वर आल्या. त्यांनी दादाला ओळखलं.

"सायेब, तुम्ही यायचा त्या दिवशी कपडे कसे झकास निघायचे!" त्या मनापासून म्हणाल्या. "येत जा की अधूनमधून. फक्त आधी कळवून या."