अर्धी ओळ

पांढऱ्या कापडाची डोलिना म्हणून विचारा, आमच्या ग्रेनाबोस्ट गावात कुणीही घर दाखवेल. उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या लुईस बेटावर निम्म्या बायकांची नावं डोलिना, त्यामुळे प्रत्येकीला शेपूट लावावंच लागतं. एक दुकानातली डोलिना, एक लंगडी डोलिना, एक नुसतीच बोलघेवडी डोलिना. ही पांढऱ्या कापडाची, कारण प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमधल्या पुढच्या बाकांवर जे लांबलचक पांढरं कापड अंथरतात, ते तीस वर्षं हीच धुवायची, हीच नीळ घालायची, हीच इस्त्री करायची आणि शनिवारी स्वतःच्या हाताने अंथरून यायची. आणि रविवारी मागे जाऊन दाराजवळच्या बाकावर बसायची. त्या कापडापाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायची तिची कधी हिंमत झाली नव्हती.

यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. चर्चमध्ये रविवारी साडेचारशे माणसं बसतात. भोजनाला पुढे जातात पन्नास, फार तर साठ. बाकीचे जन्मभर मागे. तसे हे मागचे लोक काही वाईट नाहीत हो. घरी दोन वेळा प्रार्थना करतात, रविवारी विहिरीवरून पाणीसुद्धा आणत नाहीत. पण पुढे जायचं म्हणजे ‘मी देवाचा आहे आणि शेवटपर्यंत त्याचाच राहणार’ असं चारचौघांत म्हणण्यासारखं. ते कोण म्हणणार? त्याला खात्री लागते. खात्री झाली की माणूस शनिवारी वडीलमंडळासमोर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांसमोर जातो, दोन प्रश्नांची उत्तरं देतो आणि शिशाचा एक लहानसा बिल्ला घेऊन येतो. तो बिल्ला दाखवला की रविवारी पुढे बसायला मिळतं. एवढंच काम. पण एवढंच करता करता आमची माणसं म्हातारी होतात आणि मरूनही जातात.

दुसरी मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. डोलिना पासष्टीची. त्या वसंतात जळणाच्या पीट-मातीची टोपली पाठीवर घेऊन येताना तिच्या छातीत कळ आली आणि ती बांधावरच बसली. डॉक्टर म्हणाला, “येत्या हिवाळ्यात जपा.” जपा म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मरणाला ती भीत नव्हती, खरंच नव्हती. मेल्यावर आपल्याला कोण आपलं म्हणणार, हे कळत नव्हतं, त्याची भीती होती. आणि ते हिवाळ्याच्या आत कळायला हवं होतं.

नवरा तोरमोद सहा वर्षांपूर्वी गेला. तोही जन्मभर मागच्याच बाकावर बसला, पण जाताना भिंतीकडे बघून म्हणाला, “मला माहीत आहे मी कुणाकडे चाललोय.” आणि गेला. गावाने त्याचं केवढं कौतुक केलं! डोलिनाला मात्र राग आला होता. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि याला कळलं ते मला सांगून नाही गेला.

ऑक्टोबरात प्रभुभोजनाचे दिवस आले. गुरुवारपासून सोमवारपर्यंत पाच दिवस उपासना, आणि गावोगावचे पाहुणे घरोघरी. डोलिनाकडे पाच जण उतरले होते, त्यात बेटाच्या टोकाच्या नेसहून आलेला म्हातारा इवन. माणूस देवभोळा, पण खायला पहिला. डोलिना एका जागी बसेना. बटाटे सोलता सोलता उठून कोंबड्या बघून यायची, चुलीतला विस्तव सारून परत सारायची, खारवलेल्या हेरिंग माशांचं पिंप दोनदा उघडून झाकायची.

“अगं आई, बस की जरा,” मुलगी मुर्दिना म्हणाली. “मासे मेलेत, पळून नाही जात.”

मुर्दिना अडतीस वर्षांची, मागावर ट्वीडचं लोकरी कापड विणायची, आणि जिभेला धार. दोन वर्षांपूर्वी ती कुणाला न विचारता वडीलमंडळासमोर गेली आणि बिल्ला घेऊन आली. गावात केवढी कुजबुज झाली! स्तोत्रातली कसली ओळ मिळाली, कसलं स्वप्न पडलं, बायका खोदून खोदून विचारायच्या. ती म्हणायची, “काही नाही मिळालं. भूक लागली होती, गेले.”

शुक्रवार म्हणजे प्रश्नाचा दिवस. त्या दिवशी एक म्हातारा उभा राहून प्रश्न घालतो आणि बाकीचे जाणते पुरुष एकेक करून त्यावर बोलतात. यंदा प्रश्न निघाला: शेवटपर्यंत टिकणाऱ्या माणसाची खूण काय? डोलिना मागच्या बाकावर बसून प्रत्येक खूण स्वतःला लावून बघत होती. एक म्हणाला, त्याला आपल्या पापाचा तिटकारा येतो. येतो की, पण पकडल्यावर चोरालाही येतो! दुसरा म्हणाला, त्याला प्रार्थनेत गोडी लागते. झालं! तिला प्रार्थनेला गुडघे टेकले की आठवायचं, कोंबड्यांचं दार लावलं का? तिसरा म्हणाला, त्याला देवाच्या लोकांची संगत आवडते. आणि डोलिनाला आठवलं, आज पाच पाहुण्यांची भांडी घासताना आपण मनात काय काय बोललो.

जेवताना इवनने मटणाच्या सुपात स्कोन पाव बुडवला आणि म्हणाला, “डोलिना, तुझ्या हातचं खाल्लं की माझी पक्की खात्री पटते बघ.”

“कसली?”

“पुढच्या वर्षीही मी याच घरी उतरणार!”

सगळे हसले. मुर्दिनाने चहा ओतता ओतता विचारलं, “आई, यंदा तरी बिल्ला घ्यायला जाणार आहेस का आत? की दाराशी गेल्यावर पुन्हा कापडाला सुरकुती सापडणार?”

डोलिना ताटं उचलून बाहेर गेली आणि वाऱ्यात उगाच उभी राहिली. पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दर वर्षी हेच व्हायचं. शनिवारी ती वडीलमंडळाच्या खोलीच्या दारापर्यंत जायची, हात कडीला लागायचा, आणि मग तिला कापडाला सुरकुती दिसायची. इस्त्री करायला म्हणून जी घरी जायची, ती वडील लोक निघून गेल्यावरच परतायची.

हे का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तोरमोदलाही नाही.

झालं होतं असं. आमच्या चर्चमध्ये वाजंत्री नाही, काही नाही. एक जण पुढे उभा राहून स्तोत्राची एकेक ओळ सांगतो, मग सगळे ती ओढून ओढून गातात, मग तो पुढची सांगतो. अडतीस वर्षांपूर्वी, अशाच ऑक्टोबरात, सत्तावीस वर्षांची डोलिना कडेवर तान्ही मुर्दिना घेऊन बसली होती. आपणही लवकरच पुढे जायचं, असं तिच्या मनात घोळत होतं. आणि ओळ सांगणाऱ्याने ती ओळ सांगितली, ज्यात तो बिचारा स्तोत्रकार म्हणतो की माझा पाय घसरला. ती ओळ डोलिनाच्या काळजात शिरली. जणू तिचं नाव घेऊन तिलाच सांगितली. असं होतं आमच्याकडे. त्याला ओळ मिळणं म्हणतात. आणि नेमकं तेव्हाच पोरीने भोकाड पसरलं. लोक माना वळवून बघायला लागले. डोलिना उठली आणि बाहेर गेली. आत दुसरी ओळ सांगितली गेली, ज्यात देवाची दया त्याला सावरून धरते. ती हिने ऐकली नाही. परत आली तेव्हा गाणं संपलं होतं.

आता ती दुसरी ओळ तिला पाठ नव्हती का? अहो, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे! पण पाठ असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. मला घसरल्याची दिली, सावरल्याची दिली नाही, ती आतल्यांना दिली, असं तिने मनाशी धरलं ते धरलंच. कुणाला सांगितलं असतं तर कुणीतरी दोन शब्द सुनावले असते. पण सांगायचं म्हणजे पोरीच्या रडण्याचं सांगायला लागलं असतं, आणि पोरीच्या जिवाला तिला तो घोर लावायचा नव्हता.

शनिवार उजाडला. उपदेश झाला, वडीलमंडळ मागच्या खोलीत जाऊन बसलं. रविवारसाठीचं पाणी भरून ठेवायला लोक लगबगीने घरी गेले. चर्च रिकामं झालं. डोलिनाने कापड अंथरलं, हाताने सारखं केलं. मग खोलीच्या दाराशी गेली. आत कुणीतरी खोकलं. कडीवर हात ठेवला. ती मागे फिरली, कापडाला खरंच कोपऱ्यात एक सुरकुती होती, तिने सरसर सगळं कापड गोळा केलं आणि बाहेर पडली.

पायऱ्यांखाली, भिंतीच्या आडोशाला मुर्दिना उभी होती.

“कापड दे इकडे.”

“कोपऱ्यात सुरकुती आहे.”

“सुरकुती तुझ्या डोक्यात आहे! दर वर्षीची नाटकं तुझी. चल आत.”

“तू मला शिकवू नकोस. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मग कळू दे की! काय केलंयस असं? कुणाचा खून केलायस?”

“मला अर्धीच मिळाली,” डोलिना म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर मग ते थांबेना. ओळ, चर्च, वळलेल्या माना, दार, सगळं बोलून गेली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, जीभ चावून टाकावी.

मुर्दिनाचा आवाज एकदम खाली आला. “मी रडले म्हणून?”

“दात येत होते तुला. तुझा काय दोष त्यात?”

“माझ्यापायी तू अडतीस वर्षं दाराशी बसलीस?” सगळ्या गावाला हसणाऱ्या त्या बाईचे डोळे भरून आले, आणि हाताला लागेल ते घेऊन तिने पुसले.

“अगं, कापडाला नको! उद्या अंथरायचंय!”

“मरो ते कापड! बाहेर येऊन काय केलंस मग? भिजत उभी राहिलीस?”

“उभी कुठली राहतेय! पाऊस धो धो, या पायऱ्यांवर शेवाळ. पाय सटकला आणि आले ना खाली, धाडधाड तीन पायऱ्या. गुडघा फुटला. अजून खूण आहे.”

“आणि मी?”

“तू काय?”

“मी कुठे पडले?”

“तू कशाला पडशील? माझ्या हातांत होतीस.”

“घट्ट धरलं असेल मी तुला,” मुर्दिना नाक पुसत म्हणाली.

“तू? तू कसली धरतेस! लाथा झाडत होतीस, माझे केस उपटत होतीस, पार उलटी झाली होतीस. तुझ्या धरण्यावर राहिले असते तर तिथेच डोकं फुटलं असतं तुझं. मी धरलं होतं तुला! गुडघा गेला तरी मी बरी सोडेन!”

रागाच्या भरात आवाज चढला होता, आणि शेवटचे शब्द तिचे तिलाच ऐकू आले. ती थांबली. पायऱ्यांकडे बघत राहिली. ती तिथे पोरीला छातीशी धरून घसरत होती, तेव्हा आत लोक दुसरी ओळ गात होते. ती ओळ ऐकायला मिळाली नाही म्हणून तिने अडतीस वर्षं जीव जाळला होता. आणि त्याच वेळी ती स्वतः तेच करत होती, एका रडक्या, लाथा झाडणाऱ्या पोरीसाठी, जिला आपल्याला कुणी धरलंय याचा पत्तासुद्धा नव्हता.

 

आता डोलिनाला शांती मिळाली असं म्हणाल, तर तसलं काही झालं नाही. छाती धडधडत होती. हेही आपल्याच मनाचे खेळ असतील तर? शांती आधी येईल आणि मग आपण आत जाऊ, असंच ती जन्मभर धरून बसली होती. शांती आजही आलेली नव्हती.

“आणि उद्या परत घसरले तर?” तिने विचारलं.

“घसरशीलच,” मुर्दिना म्हणाली. “मी रोज घसरते.”

तेवढ्यात वरचं दार उघडलं. वडीलमंडळातले अंगस किल्ली हातात घेऊन बाहेर डोकावले. वाऱ्याने त्यांची दाढी एका बाजूला झाली होती. भिंतीआडच्या दोघी त्यांना दिसत नव्हत्या. दर वर्षी विचारतात तसं त्यांनी रिकाम्या अंगणाकडे बघून विचारलं, “कुणी राहिलंय का? बंद करतोय मी.”

डोलिनाने कापडाचा गोळा मुलीच्या हातांत कोंबला आणि कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांबा अंगस,” ती म्हणाली. “मी राहिलेय.”