अर्ध्यावर अडकलेलं निशाण

गुनव्होर हिल्लगारचं घर बघायला उन्हाळ्यात रोज दोनेकशे माणसं येत, पण वर एकही चढत नसे. चढणार कसं? घर कड्याच्या कंगोऱ्यावर, खाली सरळ फियॉर्डचं, डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राचं पाणी आणि मधली वाट म्हणजे खडकात खोदलेल्या पायऱ्या नि दोन लाकडी शिड्या. बोट खालून जाई, भोंगा वाजे आणि कर्ण्यावर आसगेर कप्तान सांगे, "डावीकडे माना वर करा. तिथे एक्काहत्तर वर्षांची बाई आठ शेळ्या घेऊन एकटी राहते." लोक माना वर करत, फोटो काढत, हात हलवत. गुनव्होर ॲप्रन हलवी. मग बोट धबधब्याकडे वळली की कड्यावर पुन्हा शुकशुकाट.

सणावारी लावायचं निशाण ती उन्हाळाभर रोज चढवी. कोणी विचारलं तर म्हणे, पाहुण्यांना आवडतं म्हणून. धादांत खोटं. पलीकडच्या काठावर वृद्धाश्रम होता आणि त्याच्या एका खिडकीत तिचा धाकटा भाऊ तोरलेव्ह बसे. कड्यावर फोन कधी पोचलाच नाही. तेव्हा निशाण वर दिसलं की त्याने समजावं, बहीण उठली आहे, धडधाकट आहे.

बोलणं मात्र सहा वर्षं बंद होतं. आई गेल्यावर तोरलेव्ह म्हणाला होता, "माझे गुडघे गेले, आपण दोघं खाली जाऊ." ती म्हणाली, "तू जा. पण गेलास तर पुन्हा ही पायरी चढू नकोस." तो गेला, आणि तिचं बोलणं त्याने तंतोतंत पाळलं. तिला आता एकच हवं होतं, त्याने एकदा यावं. पण निरोप धाडील तर ती गुनव्होर कसली!

जुलैतल्या एका सकाळी निशाण निम्मं चढलं आणि कप्पीत दोरी अडकली. वर जाईना, खाली येईना. घरात कोणी गेलं की निशाण अर्ध्यावर ठेवायचं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकराची बोट आली तेव्हा भोंगा वाजला नाही. आसगेरने टोपी काढली, त्याचं बघून पाहुण्यांनीही काढल्या. गुनव्होरने 'तसं काही नाही हो' म्हणून जोरजोरात ॲप्रन हलवला. बायांना आणखीच गहिवरून आलं.

दुपारची बोट कधी नव्हे ती तिच्या धक्क्याकडे वळली. गुनव्होर शिड्या उतरून खाली पोचली, तेव्हा बोट माणूस उतरवून धबधब्याकडे निघालीही होती. काठी टेकत तोरलेव्ह उभा होता. अंगात काळा सूट, आईच्या मातीला घातलेला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. कप्पीत दोरी अडकली."

"तेल घालायला काय होतं तुला?"

"तेल घालणारा खाली जाऊन बसलाय ना."

"मला वाटलं, तूच गेलीस."

"मी गेले असते तर निशाण कोणी चढवलं असतं रे, बावळटा? शेळ्यांनी?"

"हेच आसगेरने ऐकवलं मला गावच्या धक्क्यावर. म्हणाला, तुझी बहीण सकाळी वर ॲप्रन नाचवत होती."

गुनव्होर थबकली. "म्हणजे बोटीत बसायच्या आधीच कळलं होतं तुला?"

"हं."

"मग आलास कशाला?"

तोरलेव्हने पाण्याकडे बघितलं. "तिकीट काढून झालं होतं."

दोघं दगडावर बसली. त्याने एकेका शेळीची चौकशी केली, तिने सांगितलं. मधेच तो मान वर करून शिडीकडे बराच वेळ बघत राहिला. वर चुलीवर कॉफीची किटली होती. त्याला घरी नेऊन कॉफी पाजावी असं तिला फार वाटलं. तेवढ्यात बोट परत आली.

"चल की गं गुनव्होर, जागा आहे," आसगेर ओरडला.

"शेळ्या दोहायच्यात."

तोरलेव्ह फळीवर चढला, तशी तिने त्याची बाही धरली. "मी ते पायरीचं बोलले होते ना, ते मागे घेतलं."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि त्याने गुडघ्यावर काठी टेकवली. "पण आता हाच नाही म्हणतो."

ती हसली. बोट वळेपर्यंत तिने ते हसू धरून ठेवलं. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ती ढसाढसा रडली. शेळ्यांची वेळ टळून गेली होती.