लाथ कुठवर पोचते

गोठ्यात सगळे तिला ताई म्हणत, मालकसुद्धा. अर्धं आयुष्य धारा काढण्यात गेलं, पण गायीची लाथ तिने कधी खाल्ली नव्हती. तिच्या धाकट्या भावाने मात्र आल्या आल्या दोनदा खाल्ली, तीही एकाच गायीची. तो राबायचा तो घोड्यांचा तबेला बंद पडल्यावर तिनेच शब्द टाकून त्याला इथे कासा धुवायला लावलं होतं. उमर घोड्यांत गेलेली, म्हणून इथे त्याचं नाव पडलं घोडेवाला. आता गुडघा सुजलेला, आणि मालकाने बजावलेलं: पुन्हा लागलं तर घरी बसायचं.

बाकीचे म्हणाले, त्या गायीला त्याचा वास खपत नाही. ताईला ते पटेना. तिने बादली बाजूला ठेवली आणि तो काम कसा करतो ते नुसतं बघत बसली.

कामात खोट नव्हती. लांबूनच आवाज देई, पाठीवर हात ठेवून पुढे सरके. हिसका नाही, घाई नाही. मग मागच्या मांडीच्या बाजूला उभा राही, अगदी निर्धास्त.

"तिथेच का रे उभा राहतोस?"

"मग काय मागे राहू? लाथ मागे जाते, ताई."

तिने त्याला वळवलं. गायीमागची भिंत कोरी होती. बाजूच्या फळीवर मात्र शेणाने माखलेल्या खुरांचे ठसे कमानीसारखे उमटले होते.

"घोडा मागे झाडतो. ही पाय पुढे घेते, बाहेर फिरवते, मग मागे नेते. तू बरोबर मधे."

त्याने ठशांवरून बोट फिरवलं. "आणि मी हिलाच मारकुटी म्हणत होतो."

ताईने जागा दाखवली: मांडीच्या पुढे, खांदा कुशीला टेकवून. पाय उचलायच्या आधी कूस ताठते, ते खांद्याला कळतं. भावाला समजलं, त्याच्या पायांना नाही. बोलता बोलता ते जुन्या जागी जात. ताईने ओरडण्यात दम घालवला नाही. भंगारातला पाइप मागून घेतला, त्या जागी आडवा बसवला आणि गायीलाही लागू नये म्हणून गोणपाट गुंडाळलं. आता तिथे उभंच राहता येईना.

एका सकाळी दाणकन आवाज झाला. मालक धावत आला. कुणाला लागलं?

"पाइपाला," घोडेवाला म्हणाला. खांदा कुशीला, हात कासेवर, काम चालूच.

मालक हसत परतला. ताई मात्र धार अर्धी टाकून उठली. गाय उगाच पाय उचलत नाही; आज हिने का उचलला, ते तिला बघायचं होतं.